दूध घातलेले दगड

सातारा छावणी,
ता. १२ सप्टेंबर १९४५

आप्पासो कोळेकर यांस,
नमस्कार.

मी लीलाबाई जगताप. लढाईवरून आलेल्या शिपायांसाठी इथे छावणीत इस्पितळ काढलं आहे, तिथे नर्स आहे. तुमचा मुलगा सिद्धू आमच्या वॉर्डात आहे. घाबरू नका, हातपाय धड आहेत. जखम कुठेच नाही. सरकारी कागद तुम्हाला गेलाच असेल, पण त्यात 'मनाचा आजार' एवढंच लिहितात आणि घरच्यांच्या जिवाला घोर लावून ठेवतात, म्हणून हे वेगळं पत्र.

ब्रह्मदेशातून आल्यापासून सिद्धू एक शब्द बोललेला नाही. जेवतो, अंघोळ करतो, कुणाला त्रास देत नाही. फक्त अंगणातले दगड वेचून आणतो आणि वॉर्डाच्या भिंतीलगत ओळीने उभे करतो. त्याला मिळालेलं दूध तो पीत नाही, त्या दगडांवर ओततो. चहा मिळाला तर चहा ओततो. दगडाला कुणी हात लावला की मध्ये येऊन उभा राहतो.

आमचे मोठे डॉक्टर इंग्रज आहेत, मेजरसाहेब. त्यांनी विचारायला सांगितलं आहे, की तुमच्या घराण्यात आधी कुणाला वेड होतं का? खरं असेल ते कळवा.

मार्चअखेर हे इस्पितळ बंद होणार. त्याआधी साहेब लोकांचं बोर्ड बसेल आणि ज्याला त्याला घरी पाठवायचं की वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात कायमचं, ते ठरवेल. मी तसल्या एका जागी पूर्वी काम केलं आहे. तिथून घरी गेलेला माणूस मी पाहिला नाही. म्हणून उत्तराला उशीर करू नका.

लीलाबाई जगताप

&nbsp;

कोळेकर वस्ती, कवठे महांकाळजवळ,
ता. २४ सप्टेंबर १९४५

लीलाबाई नर्सबाईस हरणाबाईचा रामराम.

पत्र मामंजींच्या नावानं आलं, पर उत्तर मी देतीया. मी सिद्धूची बायकू, असं लिवा म्हनलं मास्तरांना. मालकांचं नाव त्येंनी लिवलंय, मी घेतल्यालं न्हाई. लिहिनार नानासो मास्तर. मी सांगीन तसंच लिवायचं, सुदरायचं न्हाई, असं आदी कबूल करून घेतलंय.

मालकांचा कागुद येऊन लय दीस झालं हुतं. मास्तर वाचाय लागलं तवा मी मेढीला धरून हुबी हुते. हातपाय धड हायत म्हनल्यावर खाली बसले. तुमी ते आदी लिवलंसा, तुमचं भलं हुईल.

आता येडाचं. घराण्यात कोन येडं हुतं म्हनून इचारता. मामंजींचा थोरला भाऊ जेवनावरनं रुसून सासुरवाडीला गेला तो माघारी आलाच न्हाई. त्येला येडं म्हनत असतील तर लिवा. दुसरं कोन न्हाई.

धोंड्यांचं आयका. आमी धनगर, मेंढरांमागं हिंडनारी मानसं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, पोरंबाळं, समदं बिऱ्हाड घिऊन चाऱ्यासाठी खाली किष्नाकाठाला निघायचं. त्येला आमी वाडा म्हनतो. वाटंत कोन मेलं तर तितंच माती द्यायची, उशाला धोंडा हुबा करायचा. फुडल्या साली वाडा तितनं चालला की थांबायचं, भंडारा लावायचा, दूध घालायचं, मग पाय उचलायचा. माझ्या आजीचा धोंडा कऱ्हाडच्या अलीकडं हाय. मालकांच्या जोडीची मानसं तिकडं रानात पडली असतील, त्येंच्यासाठी मांडल्यात. ह्यात येडं काय हाय? साहेबाला सांगा, आमच्यात समदीच मांडत्यात. बाप मांडतो, ल्योक मांडतो, मी बी मांडते.

मामंजींनी मात्र पत्र आयकून भंडारा उधळला. पोराच्या अंगात बिरोबा आला म्हनत्यात, आता तो देव बोलवंल तवाच बोलनार. गावभर सांगत सुटल्यात. मला ते बी पटत न्हाई. देव आला असता तर गप कशाला बसला असता?

मालकांना येवढंच सांगा, हरनी हाय. घरीच हाय.

हरणाबाई

(मजकूर सांगितला तसाच लिहिला आहे. नानासो मास्तर)

&nbsp;

सातारा छावणी,
ता. ९ ऑक्टोबर १९४५

हरणाबाई,

तुमचा निरोप सांगितला. "हरणी आहे, घरीच आहे," म्हटलं तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा खाली घातली. पण पाहिलं.

पुढचं लिहायला जड जातं आहे. तुमचं म्हणणं मी इंग्रजी करून मेजरसाहेबांना सांगितलं. मला वाटलं, आता उलगडा होईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, लेखणी उचलली आणि लिहिलं, की हा भ्रम बापालाही आहे, बायकोलाही आहे, आजीच्या वेळेपासून चालत आला आहे आणि सगळ्या जमातीतच दिसतो. आणखी लिहिलं, की धनगर ही काही लढाऊ जात नव्हे, भरतीच्या घाईत घेतली, असल्या जातींची मनं मुळातच कच्ची. झालं! तुम्ही त्याला सोडवायला जे सांगितलं, तेच त्याच्या गळ्यात बांधलं गेलं.

पलीकडच्या बराकीत गोरे शिपाई आहेत. त्यांतला एक रोज पलंगाखाली जाऊन निजतो, एक जेवताना आईला हाका मारतो. त्यांच्या कागदावर 'थकवा' लिहितात. आमच्या वॉर्डात आधी जात लिहितात, मग आजार. मी इतके दिवस ते कागद भरते आहे आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, याची चीड येते.

साहेबांच्या हुकमाने दगड झाडून फेकून दिले. सिद्धूने त्या झाडूवाल्याची मानगूट धरली. आता त्याला जाळीच्या खोलीत ठेवलं आहे.

हरणाबाई, माझं ऐका. यापुढे रीतिभातीचं काही लिहू नका. तो शहाणा होता, मेंढरं राखत होता, चारचौघांसारखा बोलत होता, एवढंच कळवा. बाकीचं लपवा. मी फलटणकडची, ऊसवाल्या घरातली. माझ्या आईच्या अंगात मंगळवारी यायचं. नर्सिंग शिकायला गेले तेव्हा घरच्यांविषयी विचारलं, तर मी म्हणाले, आई फार शांत बाई. लपवलं म्हणून इथवर आले.

लीलाबाई

&nbsp;

कोळेकर वस्ती,
ता. २१ ऑक्टोबर १९४५

लीलाबाई, रामराम.

पत्र आयकलं आन टाळक्यात सनक गेली. मास्तर म्हनले जरा निवू द्या मग लिवू. मी म्हनलं, निवल्यावर काय उपेग? आताच लिवा.

तुमी आई लपवली, तुमाला जमलं. मला जमायचं न्हाई. आजीच्या धोंड्याला मी येडेपना म्हनू? मग तितनं जाताना तोंड कुटं घालू?

आन मला येक सांगा. सातारच्या छावनीकडनं आमी मेंढरं नेल्याली हायत. तितं गोऱ्यांची थडगी हायत. उशाला धोंडाच हाय न्हवं? त्येच्यावर नाव कोरल्यालं, फुलं ठिवल्याली. येक मडम गुडगं टेकून रडत हुती, मी सोत्ता बघितलंय. त्येंच्यात बी आजीपासनं चालत आल्यालं हाय का, इचारा साहेबाला. फुलं घातली तर शाना आन दूध घातलं तर येडा, ह्यो कुठला न्याव?

मालकांनी त्या झाडूवाल्याला धरलं ते वाईट केलं. गरीब मानूस, हुकमाचा ताबेदार. त्येला माझ्याकडनं सांगा, राग धरू नगंस. पर मी तितं असते तर मी बी धरलं असतं.

आता नीट आयका. दिवाळी झाली की वाडा निघंल. दरसाली आमी कऱ्हाडास्नं माघारी वळतो. औंदा साताऱ्याला आनते. मामंजी म्हनत्यात, पोराला आरेवाडीला आना, बिरोबाम्होरं बशिवतो, लोकं पाया पडाय येतील. मी म्हनलं, आवं मामंजी, आदी हाताला तर लागू द्या! त्यावरनं भांडान झालं. माझ्या हातचं जेवायचं न्हाई म्हनलं. मग भूक लागली, जेवलं. येत मातर न्हाईत, गुडगं धरल्यात.

पत्र कऱ्हाडला लालासाहेब शिंप्याकडं धाडा. बाजाराची वळख हाय, तो वाचून दाकवंल.

मालकांना सांगा, हरनी घरी न्हाई आता. निघालीया.

हरणाबाई

&nbsp;

सातारा छावणी,
ता. २० नोव्हेंबर १९४५

हरणाबाई,

थडग्यांचं विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण फेरीच्या वेळी साहेब हसून म्हणाले, "काय, त्या धनगरणीने आणखी काही ज्ञान पाठवलं का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं. साहेब लालबुंद झाले. "तुझी बदली करीन," म्हणाले. दोन-तीन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मग एकदा कागदावरून मान वर न करता म्हणाले, "त्या बाईला बोर्डासमोर येऊ दे." बोर्ड ९ जानेवारीला आहे. चुकवू नका.

मला भीती वाटत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. ही नोकरी गेली तर मला माहेरही नाही आणि सासरही नाही. पण एकदा बोलून बसले आहे, आता मागे सरायची नाही.

सिद्धू जाळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो. दगड नाहीत तरी दूध ओततोच. नुसत्या फरशीवर ओततो आणि बघत राहतो. वजन उतरलं आहे.

बोर्डापुढे काय सांगायचं ते ठरवून या. मी सुचवते. जोडीदार डोळ्यांदेखत मेले, त्यांच्यासाठी तो दुःख करतो, त्याच्या मुलखात दुःख असं करतात, एवढंच सांगा. आपल्या माणसांसाठी रडणारा शिपाई साहेबांना कळतो. आजी, बाप, भंडारा, यातलं काही नको. हे लपवणं नाही, नेमकं सांगणं आहे.

लीलाबाई

&nbsp;

कऱ्हाड,
ता. १४ डिसेंबर १९४५

लीलाबाईस रामराम.

लिहिनार लालासाहेब शिंपी. ह्येंनी वर 'परमपूज्य, गंगाभागीरथीसमान' असं लिवलं हुतं, खोडाय लावलं. कापडाला झालर लावावी तसं लिवतोय ह्यो मानूस. आता हासतोय.

आजीच्या धोंड्याला दूध घालून आले. म्हनलं, आजे, तुजं नाव साहेबाच्या कागदात गेलंय, आता तूच बघ.

तुमी सांगितलं ते पटलं. जोडीदारांसाठीच मांडत्यात मालक, ते तर मी पयल्यापासनंच म्हनतीया. त्येंच्या मनातलं मला ठावं न्हाई तर कुनाला? पाठ केलंय. मेंढरांमागं म्हनत चालले हुते, तर माझी जाऊ म्हनती, आता तुला बी जाळीत घालत्याल.

येक काम करा. इस्पितळाच्या जवळ कुनाचं रान मोकळं असंल तर त्येला सांगा, मेंढरं बशिवतो. रानाला खत मिळंल, बदल्यात धान्य किती द्याल म्हनून आमी आडून बसत न्हाई. मालकांच्या खिडकीला मेंढरांचा आवाज गेला पायजे, येवढंच बघा.

साहेबाला भ्या नगा. तुमाला माहेर न्हाई म्हनता. आमच्या वाड्यात येक घोंगडं जास्तीचं हाय.

हरणाबाई

&nbsp;

सातारा छावणी,
ता. ११ जानेवारी १९४६

आप्पासो कोळेकर यांस नमस्कार. नानासो मास्तर, हे पत्र आप्पासोंना सगळं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

तुमचा मुलगा सुटला. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट ऐकाल.

तुमच्या सुनेने मेंढरं इस्पितळामागच्या रानात बसवली होती. सकाळी सिद्धूला बोर्डाकडे नेताना तो व्हरांड्यात थांबला आणि ऐकत राहिला. दोन शिपायांनी ओढलं तरी हलेना. मी त्यांना म्हटलं, थांबा जरा. मग आपणहून चालायला लागला.

आत मेजरसाहेब आणि पुण्याहून आलेले दोन साहेब. हरणाबाईची काठी बाहेर ठेवायला लावली. कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" ती आढ्याकडे बघायला लागली. पुन्हा विचारलं, पुन्हा आढं. पुण्याचा साहेब म्हणाला, "हिला नवऱ्याचं नावसुद्धा माहीत नाही?" आणि पेन्सिल उचलली. ती पेन्सिल मी ओळखते. मी मध्येच बोलले, की आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, माझ्या आईनेही जन्मात घेतलं नाही, आणि माझ्या आईच्या अंगात देवी यायची, तेही हवं तर लिहून घ्या. का बोलले देव जाणे. पेन्सिल खाली ठेवली गेली.

मग हरणाबाईने सुरुवात केली. आवाज असा खणखणीत, की बाहेरच्या मेंढरांना कळावं. मालकांचे जोडीदार रानात पडले, त्यांना माती देणारं कुणी नव्हतं, म्हणून मालकांनी त्यांच्यासाठी धोंडे मांडले. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. साहेब माना डोलवत होते. मला वाटलं, जमलं.

आणि सिद्धू म्हणाला, "न्हाई."

खोलीत कुणाला कळेचना, कोण बोललं ते. हरणाबाई तशीच पुढे सांगत होती. तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने, "न्हाई. मानसांची न्हाईत ती. खेचरांची हायत."

आप्पासो, तो काय बोलला ते तुम्हाला त्याच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते. तो खेचरांच्या तुकडीत होता हे तुम्हाला माहीत आहेच. त्या रानात जपानी जवळ असायचे. खेचर ओरडलं तर ठावठिकाणा कळायचा. म्हणून आधीच सगळ्या खेचरांच्या गळ्यातली आवाजाची शीर कापून टाकली होती. कापताना डोकी धरायला सिद्धू होता. "मी धरली. माझ्यावर इस्वास हुता त्यांचा, म्हनून गप हुबी ऱ्हायली," म्हणाला.

पुढे डोंगरात वाट तुटली. एक खेचर झाडीत बांधलेलं राहिलं. सिद्धू दुसऱ्या टेकाडावर ओझी उतरवत होता. तिकडे ते पाण्यावाचून उभं होतं. "वरडलं असतं तर मला कळलं असतं. मी मेंढरं कानानं राखली हायत, डोळ्यानं न्हाई. कोकरू ओढ्यात अडकलं तरी मला कळतं. ह्ये कसं कळावं? मी गेलो तवा तोंड उघडं हुतं. वरडतच मेलं, पर आवाज न्हवता." मग दरीत घसरलेली बाकीची सांगितली. प्रत्येकाचं नाव होतं. हिरवी, मोत्या, मारकुटी. नावं घेताना तो थांबला नाही.

मेजरसाहेबांनी विचारलं, "आणि माणसं? तुझे सोबती?"

म्हणाला, "मानसं वरडली. म्या ऐकली."

मी हे इंग्रजीत सांगितलं. मेजरसाहेबांनी रुमाल काढला. ते घोडेवाले आहेत, घरी त्यांचे घोडे आहेत, असं नंतर कारकून म्हणाला. आप्पासो, मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा तिळपापड झाला. ऑक्टोबरात जोडीदारांसाठी दगड मांडले म्हटलं तेव्हा सगळ्या जमातीचं वेड, आणि खेचरांसाठी मांडले म्हटल्यावर साहेबांच्या डोळ्यांत पाणी! पण त्यांनी लेखणी उचलली आणि 'अतिश्रमाचा थकवा, घरी पाठवावा' असं लिहिलं. जातीचा रकाना तसाच भरलेला राहिला. तो मला पुसता आला नाही.

बाहेर आल्यावर तुमच्या सुनेचं हसू थांबेना आणि रडूही थांबेना. "आवं, इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं ते मला खोटं पाडाया!" मग पदराने तोंड पुसलं आणि माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "आन आपन दोघी शान्या! साहेबानं इचारलं न्हाई, तसं आपन बी इचारलं न्हाई. आपनच ठरवून मोकळ्या झालो."

ते दोघं मेंढरं घेऊन फलटणच्या वाटेने गेले. वॉर्डात बाकीची माणसं जाळीला लागून बघत होती. त्यांच्यासाठी अजून कुणी आलेलं नाही.

आता माझी विनंती. सिद्धू घरी येईल तेव्हा त्याला देवापुढे बसवायचं की नाही, ते आधी त्याला विचारा.

लीलाबाई जगताप

&nbsp;

कोळेकर वस्ती,
ता. २३ जानेवारी १९४६

लीलाबाईस आप्पासोचा रामराम.

पत्र दोनदा वाचून घेतलं. तुमी लिवलं त्येचा राग आला, मग गेला.

गावात लोकं म्हनत हुती, आप्पासोचं पोरगं येडं झालं. येड्याच्या घरात कोन पोरगी देत न्हाई, कोन पानी पीत न्हाई. देव आला म्हनलं की तीच लोकं पाया पडत्यात. म्हनून मी भंडारा उधळला. बाप हाय मी, दुसरं काय करायचं हुतं? घरात येडा असन्यापरास देव असल्याला बरा, असं वाटलं.

खेचराचं आयकून मातर मला झोप न्हाई. पोरगा ल्हान हुता तवा मीच त्येला शिकिवलं हुतं, डोळं मिट आन मेंढरं मोज म्हनून.

त्येला म्हनावं, ये. काय बसायचं न्हाई, काय बोलायचं न्हाई. मी बी बोलनार न्हाई. नुस्ता ये.

आप्पासो

&nbsp;

फलटण,
ता. २५ फेब्रुवारी १९४६

लीलाक्का, रामराम.

आता नर्सबाई म्हनवत न्हाई, अक्काच म्हनते. बोर्डाच्या दिशी तुमी आमच्या घोंगड्यावर बसून भाकरी खाल्लीसा. लिहिनार हितल्या शाळंचं मास्तर. मालक शेजारीच बसल्यात. मी जास्त सांगाय लागले की 'न्हाई' म्हनत्यात. लय आवडलाय त्येंना त्यो शबुद.

मामंजींचा निरोप नानासो मास्तरांनी हिकडं धाडला. मालकांनी दोनदा वाचाय लावला. त्या दिशी पोटभर जेवले.

बरं झाले का इचाराल, तर न्हाई झाले. खोटं कशाला लिवू? हितं साखर कारखान्याचा भोंगा वाजला की उसात जाऊन बसत्यात, कान धरून. पयल्यांदा मी मागनं पळाले, हाताला धरून वडलं, तर मलाच ढकललं. आता इचारते. जवळ बसू का लांब? कवा लांब म्हनत्यात, कवा जवळ. काल म्हनले, बस कुटं बी, पर बोलू नगंस. माझ्यासारखीला गप बसायचं म्हंजी काय ते तुमाला ठावं हाय. बसले.

हितल्या येका मानसानं इचारलं, ह्यो येड्यांच्या इस्पितळातनं सुटल्याला का? मी काठी उचलायच्या आदी मालकच म्हनले, "व्हय. तितंच हुतो. तुजं काय?" त्यो मानूस गेला निघून.

आता कामाचं. ह्ये मालक सांगत्यात, मी न्हाई.

तुमच्या वॉर्डात खिडकीजवळ येक पोरगा हाय, तोंडावर चादर घिऊन बसतो. त्यो चोरून मालकांना दगड आनून द्यायचा. दारापाशी येक म्हातारा हवालदार हाय, आल्यागेल्याला सलाम ठोकतो. आनी येक हाय, त्येचं नाव बी मालकांना ठावं न्हाई, पर रडाय लागला की मालकांच्या पलंगाजवळ यिऊन हुबा ऱ्हायचा. त्येंच्या घरचं कोन आलं न्हाई, कारन त्येंच्या घरी कोन सांगाया गेलं न्हाई. सरकारी कागुद गेला असंल, 'मनाचा आजार' म्हनून. तेवढ्यावर कोन घाबरून येतंय व्हय?

मालक म्हनत्यात, समद्यांच्या गावांची नावं कळवा. मी म्हनलं, आवं, साहेब तुमच्या लीलाक्काची नोकरी घालवंल. तर म्हनले, तिला इचार. म्हनून इचारते. जमनार असंल तर धाडा, जमत नसंल तर तसं लिवा, आमचा राग न्हाई.

मार्चअखेर तुमचं इस्पितळ बंद हुनार, त्येला लय दीस न्हाईत. पर आमचा वाडा खंडाळ्यापासनं खाली कवठ्यापर्यंत कुठल्या बी वाटंनं जाऊ शकतो, आमाला कोन अडवत न्हाई. जितनं गाव लागंल तितं मालक सोत्ता घरी जानार. मी म्हनलं, जाऊन काय सांगनार तुमी? तुमी तर बोलतच न्हाई.

तर म्हनले, "सांगायचं कायबी न्हाई. दारात हुबं ऱ्हायचं. म्हनायचं, मी बी तितंच हुतो, आन आता ह्यो हितं हुबा हाय. तुमी चला."

नावं कळवा, अक्का. मेंढरं उठिवली हायत.

हरणाबाई